नळ्यांचे मेज आणि उघडता येणारा सांधा

नागपूर शहरात घरोघरी जे पाणी येते त्यातील मोठा वाटा कन्हान व पेंच ह्या नद्यांचा आहे. नदीकाठी उपसलेले पाणी शुद्ध होऊन शहरात येते ते नळ्यांतून. ह्या नळीच्या अंगी दोन गुण असतात. पाण्याचा दाब सोसण्याइतकी ती बळकट असते, हा पहिला गुण; आणि हवी तेथे कापून, हवी तशी वळवून सांधता येते व पुढे गरज पडल्यास पुन्हा उघडता येते, हा दुसरा. पहिल्या गुणाची जाणीव सर्वांस असते. दुसर्‍याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नळ दुरुस्त करणारा कारागीर मात्र रोज त्याच्यावरच जगतो. हाच दुसरा गुण घरातील एका जुन्या अडचणीवर कसा उपयोगी पडतो, हे येथे पाहावयाचे आहे. ती अडचण म्हणजे लिहिण्यावाचण्याचे मेज.

कन्हान हे गाव नागपूरच्या ईशान्येस, कामठीच्या पलीकडे, त्याच नावाच्या नदीच्या काठी वसले आहे. हावड्याकडे जाणारा लोहमार्ग ह्या गावावरून जातो आणि रामटेकचा फाटा येथूनच फुटतो. आसपास कामठी क्षेत्रातील कोळशाच्या खाणी आहेत. रामटेकच्या वाटेवर कांद्री व मनसर येथे मँगॅनीजच्या खाणी आहेत. अशा ठिकाणच्या वस्तीत रेल्वेतील, खाणींतील, शाळांतील व बँकांतील बदलीची नोकरी करणारी कुटुंबे पुष्कळ असतात. तीनचार वर्षांनी बिर्‍हाड हलते. बिर्‍हाड हलले की कपडे, भांडी, पुस्तके ही सर्व बरोबर जातात. मेजाचे मात्र काय करावे हा प्रश्न पडतो. ते दारातून तिरपे केल्यावाचून बाहेर निघत नाही, जिन्याच्या वळणावर अडते, आणि मालमोटारीत दुसर्‍या दहा वस्तूंची जागा खाते. शेवटी ते शेजार्‍याला अर्ध्या किमतीत दिले जाते. नव्या गावी ‘पुढे बघू’ म्हणता म्हणता वर्ष निघून जाते. तेवढ्या काळात घरातील मूल पलंगावर पालथे पडून, नाहीतर जमिनीवर वाकून अभ्यास करते. मान आणि पाठ ह्यांची तक्रार सुरू झाली म्हणजे मग वडीलधार्‍यांना मेजाची आठवण येते.

सुताराकडून लाकडी मेज करून घेणे हा उपाय सर्वांत जुना आणि अजूनही उत्तम आहे. परंतु त्याला दोन अडचणी आहेत. चांगले सागवान महाग झाले आहे, ही पहिली. दुसरी अडचण हवेची. ह्या भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, आणि लगेच पुढे पावसाळ्याची दमट हवा येते. लाकूड कोरड्या हवेत आकसते व दमट हवेत फुगते. नीट मुरवलेले लाकूड हे सोसते. घाईने केलेल्या स्वस्त मेजाचे सांधे मात्र दोन उन्हाळ्यांत ढिले पडतात. त्यात वाळवीची भर. म्हणून पुष्कळांचे लक्ष लोखंडी चौकटीकडे वळते, आणि लोखंडी चौकट म्हटली की वेल्डिंग, असा समज रूढ आहे. हा समज तपासून पाहण्याजोगा आहे.

पोलादी नळीचे सामान घरात आले त्याला आता शंभर वर्षे झाली. जर्मनीतील बौहाउस ह्या कलाशाळेत मार्सेल ब्रॉयर ह्याने सायकलच्या वाकवलेल्या हँडलवरून स्फूर्ती घेऊन १९२५ च्या सुमारास नळीची खुर्ची तयार केली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. परंतु नळी सुबकपणे वाकवण्यास यंत्र लागते. ते घरगुती काम नव्हे. घरगुती कामाला उपयोगी पडणारी कल्पना दिवाणखान्यातून आली नाही. ती बांधकामाच्या परांचीवरून व गाईच्या गोठ्यातून आली. इंग्लंडात डॅनिएल पामर-जोन्स ह्याने परांचीचे वासे दोरीने बांधण्याऐवजी धातूच्या पकडीने आवळण्याची युक्ती काढली. १९१३ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या कामावर तिचा बोलबाला झाला आणि १९१९ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती निघाली. पुढे १९३४ मध्ये त्याच देशात रेडिंग येथील गॅस्कॉइन ह्या कंपनीने दूध काढण्याच्या वेळी गाई उभ्या करण्याचे कठडे बांधण्यासाठी एक ओतीव सांधा तयार केला. नळीचे टोक त्याच्या खोबणीत सरकवावयाचे आणि बाजूचा एक स्क्रू आवळावयाचा, की काम झाले. आटे पाडणे नाही, भट्टी नाही, ठिणगी नाही. गाय अंग घासते, लाथ मारते, दिवसातून दोनदा आत येते व बाहेर जाते. तिला पुरून उरलेला सांधा शाळकरी मुलाला पुरेल, हे उघड आहे.

आता वेल्डिंगविषयी. वेल्डिंगचा सांधा बळकट असतो ह्यात शंका नाही. परंतु घरगुती मेजासाठी त्याच्या तीन उणिवा ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, तो कायमचा असतो. एकदा जोडलेले मेज पुन्हा सुटे होत नाही, म्हणजे बदलीची मूळ अडचण तशीच राहते. दुसरी उणीव गंजाची. पाण्याची नळी म्हणून बाजारात जी मिळते ती जस्ताचा मुलामा दिलेली असते. लोक तिला जी. आय. पाइप म्हणतात. जस्त सुमारे ४२० अंशांस वितळते आणि ९०० अंशांच्या थोडे वर त्याची वाफ होते. वेल्डिंगची उष्णता ह्याच्या कितीतरी वर असल्यामुळे नेमक्या सांध्यापाशी मुलामा जळून जातो आणि पुढे गंज तेथूनच सुरू होतो. तिसरी उणीव आरोग्याची आहे. जळणार्‍या जस्ताचा पांढरा धूर श्वासावाटे आत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो; वेल्डिंग करणार्‍या कारागिरांना हा ताप चांगला ठाऊक असतो. तो बहुधा एकदोन दिवसांत उतरतो. तरीपण घराच्या अंगणात, मुलाबाळांच्या देखत, हे काम करवून घेण्यात शहाणपण नाही.

तेव्हा न जाळता, न वितळवता जोडावयाचे असे ठरले म्हणजे पहिला प्रश्न नळीचा. येथे एक घोटाळा हमखास होतो. दुकानात ‘एक इंची’ म्हणून दोन निरनिराळ्या नळ्या मिळतात. एक पाण्याची, तिचे माप आतील पोकळीवरून ठरलेले असते आणि बाहेरून ती ३३.७ मिलिमीटर भरते. दुसरी फर्निचरची पातळ नळी. ती बाहेरूनच एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर असते. एकीचा सांधा दुसरीला बसत नाही. म्हणून सांधे आणि नळी ह्यांची खरेदी एकाच वेळी करावी आणि दुकानातच नळीचे टोक सांध्यात घालून पाहावे. पाण्याच्या नळीचे जाडीवरून तीन वर्ग आहेत व भारतीय मानकाप्रमाणे त्यांवर रंगाचे पट्टे असतात: हलक्या वर्गास पिवळा, मध्यम वर्गास निळा, जड वर्गास तांबडा. मेजासाठी निळ्या पट्ट्याची नळी योग्य होय.

अर्धा इंची, पाऊण इंची की एक इंची, हा निर्णय पैशाकडे पाहून घेतला जातो व तेथेच चूक होते. नळीचा ताठपणा तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. व्यास थोडा वाढला की तो फार झपाट्याने वाढतो. मध्यम वर्गाची एक इंची नळी पाऊण इंचीपेक्षा वजनाला साधारण दीडपट, पण ताठपणात जवळजवळ अडीचपट असते. अर्ध्या इंचीच्या तर ती पाचपटीहून अधिक ताठ असते. प्रत्यक्षात ह्याचा अर्थ असा. १०५ सेंटिमीटर लांबीची एकच आडवी नळी दोन टोकांवर टेकवून तिच्या मध्यावर ३० किलो भार ठेवला, तर एक इंची नळी सुमारे १ मिलिमीटर लवते, पाऊण इंची सुमारे अडीच, आणि अर्धा इंची पाचच्या वर. एक मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही. पाच मिलिमीटर दिसते, आणि लिहिणार्‍याच्या हाताला तर ते आधी कळते. म्हणून नळी एक इंची घ्यावी.

ही नळी ज्या सौम्य पोलादाची असते त्यातही कन्हान परिसराशी ओळख असलेला एक पदार्थ आहे. पोलादात राहिलेले गंधक त्याला तापलेल्या स्थितीत ठिसूळ करते. थोडे मँगॅनीज मिसळले म्हणजे ते गंधकाला आपल्याशी बांधून घेते आणि पोलाद न तडकता लाटता येते. सौम्य पोलादात हे प्रमाण बहुधा शेकडा एकाच्या आतबाहेर असते, पण त्यावाचून चालत नाही. मनसर-कांद्रीकडील खनिजाचा मोठा उपयोग हाच होय. आणि अशा खनिजापासून पोलादाच्या भट्ट्यांना लागणारे फेरोमँगॅनीज बनवण्याचा कारखाना विसाव्या शतकात खुद्द कन्हान येथे उभा राहिला होता.

दुसरा प्रश्न सांध्याचा. घरगुती कामाला जवळचे असे तीन मार्ग आहेत. पहिला नळाच्या कारागिराचा: एल्बो, टी, सॉकेट, फ्लँज असे आटे असलेले भाग. हे प्रत्येक गावी मिळतात व स्वस्त असतात. पण ह्यात एक अडचण दडलेली आहे, आणि ती आधी समजली नाही तर सारा खर्च फुकट जातो. नळीच्या दोन्ही टोकांचे आटे उजवेच असतात. नळी फिरवून एका टोकाला आवळू लागले की दुसर्‍या टोकाला ती सुटू लागते. त्यामुळे चारही बाजूंनी बंद असा चौकोन साध्या एल्बोंनी पुरा होऊच शकत नाही. तीन बाजू जुळतात, चौथी जुळत नाही. नळाचे काम करणारा अशा ठिकाणी युनियन नावाचा दुभागी सांधा घालतो, आणि मेजाच्या प्रत्येक बंद चौकोनातही एक युनियन घालावाच लागतो. शिवाय नळीचे आटे टोकाकडे निमुळते असतात. ते कोठे घट्ट होतील ते आधी नेमके सांगता येत नाही, म्हणून टी हव्या त्या दिशेला तोंड करून थांबेलच अशी खात्री नसते. आटे पाडताना नळीची जाडीही तेवढ्या जागी कमी होते. एवढे सांभाळता येत असेल, आणि आटे पाडून देणारा माणूस जवळ असेल, तर हा मार्ग सर्वांत स्वस्त आहे.

दुसरा मार्ग गोठ्यातून आलेल्या त्या ओतीव सांध्याचा. आज तसे सांधे अनेक कारखाने करतात. कठडे व जिन्यांचे हातधरणे बांधणार्‍यांकडे ते मिळतात. नळीला आटे लागत नाहीत, ती सरळ कापली की पुरे. स्क्रूचे टोक वाटीसारखे खोलगट असते. आवळले म्हणजे त्याची कड नळीच्या पृष्ठभागात किंचित रुतते आणि नळी फिरू वा सरकू देत नाही. एका ॲलन कीने सर्व काम होते. बंद चौकोनाची अडचण येथे मुळीच येत नाही, कारण काहीच फिरवावयाचे नसते. किंमत मात्र एल्बोच्या काही पट असते.

तिसरा मार्ग परांचीच्या पकडींचा. त्या फार बळकट व जुन्या बाजारात स्वस्त असतात. पण त्या बाहेरून ४८.३ मिलिमीटरच्या नळीसाठी केलेल्या असल्यामुळे मेज अवजड होते, आणि पकडीचे बोल्ट गुडघ्याला लागतात. कोठारातील मांडणीसाठी तो मार्ग चांगला. अभ्यासाच्या खोलीसाठी दुसरा मार्गच अधिक सोयीचा होय. पुढील मापे त्यालाच धरून दिली आहेत.

मापांच्या आधी एक तत्त्व. चार काठ्या चौकोनात जोडल्या आणि वरून बाजूला ढकलल्या, तर चौकोन तिरपा होतो. तीन काठ्यांचा त्रिकोण मात्र काठी मोडल्यावाचून आकार बदलत नाही. जुनी बाज दोन वर्षांत कुरकुरू लागते ती ह्याचमुळे, आणि सायकलीची चौकट वर्षानुवर्षे टिकते तीही ह्याचमुळे. मेजावरचा भार सरळ खाली जातो तोवर साध्या चार पायांना काही होत नाही. परंतु लिहिणारा कोपर टेकतो, खुर्ची ओढताना कड धरतो, खोडरबराने खोडतो. हे सर्व आडवे धक्के होत. मेज डुगडुगते ते ह्या धक्क्यांनी. त्यावर उपाय दोन. पायांना खालच्या अंगास दुसरी आडवी नळी जोडावी, म्हणजे प्रत्येक पाय दोन ठिकाणी धरला जातो; आणि मागच्या बाजूस वरच्या व खालच्या नळीच्या दरम्यान पातळ प्लायवुडचा पत्रा घट्ट बसवावा. सबंध पत्रा आपल्या प्रतलात तिरपा होऊ शकत नाही, म्हणून तो एका वेळी दोन्ही कर्णांचे काम करतो. सहा मिलिमीटर जाडीचा पत्रा ह्याला पुरतो. पुढील बाजू गुडघ्यांसाठी मोकळी ठेवावी.

आता मापे. मोठ्या माणसाच्या मेजासाठी ७० सेंटिमीटरचे ४ पाय. १०५ सेंटिमीटरच्या ३ लांब आडनळ्या, दोन वर पुढेमागे व एक खाली मागे. आणि ४५ सेंटिमीटरच्या ४ आखूड आडनळ्या, दोन वर व दोन खाली, दोन्ही बाजूंना. एकूण नळी ७ मीटर ७५ सेंटिमीटर. बाजारात नळी साधारण ६ मीटरची येते. कापण्यापूर्वी तिची लांबी मोजून घ्यावी. पहिल्या नळीतून तीन लांब आडनळ्या व चार पाय निघतात. त्यांची बेरीज ५९५ सेंटिमीटर होते आणि उरलेले पाच सेंटिमीटर करवतीच्या फटींना पुरतात. दुसर्‍या नळीतून चार आखूड तुकडे, म्हणजे १८० सेंटिमीटर, निघाल्यावर ४ मीटर २० सेंटिमीटर नळी शिल्लक राहते; ती विकू नये, तिचे काम पुढे आहे. सांधे एकूण ८ लागतात: मागच्या दोन पायांवर वर व खाली मिळून ४ तिहेरी सांधे, ज्यांतून पाय आरपार जाऊ शकतो, पुढच्या पायांच्या माथ्यावर २ तिहेरी कोपरे, आणि पुढच्या पायांवर खाली २ टी. चार रबरी बूट, काठीच्या टोकाला असतात तसे, पायांना लागतात. वर १२० सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद व १९ मिलिमीटर जाड प्लायवुडची फळी बसवली म्हणजे मेजाची उंची ७२ ते ७३ सेंटिमीटर भरते. खालच्या आडनळ्या जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटरवर असाव्यात.

नळी हॅक्सॉ करवतीने घरीही कापता येते. दुकानदार मापे दिल्यास कापूनही देतो. मात्र एकाच मापाचे सर्व तुकडे पहिल्या तुकड्याला लावून पाहावेत, दरवेळी टेपने मोजू नये. कारण मेजाला मापाच्या अचूकपणापेक्षा तुकड्यांचा सारखेपणा अधिक महत्त्वाचा असतो. कापलेली कड आतून व बाहेरून कानशीने घासून घ्यावी. ती कड पात्यासारखी धारदार असते, आणि हाताला झालेल्या जखमा बहुधा ह्याच पायरीवर होतात.

जुळणीचा क्रमही ठरलेला असावा. प्रथम सपाट फरशीवर उजवी व डावी अशा दोन बाजू जुळवाव्यात. मग त्यांना लांब आडनळ्यांनी जोडावे. ह्या वेळी सर्व स्क्रू केवळ बोटांनी लावलेले असावेत. चौकट उभी राहिली की तिचे कर्ण मोजावेत: वरच्या चौकोनाचे दोन, मागच्या चौकोनाचे दोन. दोन्ही कर्ण सारखे भरले म्हणजे कोपरे काटकोनात आले. गुण्या नसला तरी चालते. मग पाणसळ ठेवून पाहावे. फरशी जेथे खोल असेल तेथला पाय सांध्यातून दोनचार मिलिमीटर खाली ओढता येतो. हा ह्या सांध्याचा फार मोठा लाभ आहे, कारण पायाखाली कागदाच्या घड्या घालण्याची पाळी येत नाही. एवढे झाल्यावर सर्व स्क्रू समोरासमोरच्या कोपर्‍यांच्या क्रमाने घट्ट आवळावेत. आठवड्याने पुन्हा एकदा किल्ली फिरवून पाहावी. प्रथमच्या वापरात स्क्रू थोडा बसतो व किंचित ढिला वाटतो. पुढे वर्षातून एकदा पाहिले तरी पुरते.

सांधे नळीहून जाड असल्यामुळे फळी चार कोपर्‍यांच्या सांध्यांवर टेकते व मध्ये नळीपासून किंचित वर राहते. ह्या फटीत रबराची पट्टी घालून, खालून नळीवर सॅडल क्लिपा लावून फळी स्क्रूने बसवावी. स्क्रूची लांबी फळीच्या जाडीहून कमी असावी, हे सांगावयास नको. तरी ते मोजूनच घ्यावे. कोणाला जुन्या दाराची सागवानी फळी वापरावयाची असेल तर क्लिपांची भोके थोडी लांबट ठेवावीत. अखंड लाकूड आडव्या अंगाने ऋतूप्रमाणे काही मिलिमीटर हलते. पोलादाची १०५ सेंटिमीटरची नळी हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. दोघांना ताठ बांधले तर फळीच चिरते. प्लायवुडला ही भीती फारशी नाही.

धातूच्या मेजावर दिवा वा संगणक ठेवताना एक खबरदारी अवश्य घ्यावी. विजेची तार नळीच्या कडेवर घासू देऊ नये, आणि प्लग तीन पायांचाच, भूसंपर्क असलेला, वापरावा. तारेचे वेष्टन सोलले तर सारी चौकट विद्युन्मय होते. लाकडी मेजाला हा धोका नव्हता, म्हणून जुन्या सवयीवर विसंबून राहू नये.

आता त्या उरलेल्या नळीकडे येऊ. मेजाची उंची माणसाच्या कोपरावरून ठरते: खुर्चीवर ताठ बसून तळपाय जमिनीला टेकले असता कोपर जेथे येतो, तेथे फळी असावी. आठनऊ वर्षांच्या मुलाला ७२ सेंटिमीटरचे मेज खांद्यापर्यंत येते. त्याच्यासाठी प्रथम ५६ सेंटिमीटरचे चार पाय कापावेत. मूल वाढले की शिल्लक नळीतून ७० सेंटिमीटरचे चार पाय, म्हणजे २८० सेंटिमीटर, कापून ते बदलावेत. बाकीची चौकट, सांधे व फळी तीच राहते. घरात लहान मूल नसेल तर त्याच ४ मीटर २० सेंटिमीटरमधून १५० सेंटिमीटरचे दोन उंच खांब व १०५ सेंटिमीटरची एक आडनळी निघते. मागच्या बाजूचे सांधे आरपार असल्यामुळे मागचे दोन पाय काढून त्यांच्या जागी हे खांब घालता येतात, फळीच्या मागच्या कोपर्‍यांत खाच पाडली की ते वर जातात, आणि आणखी दोन टींवर पुस्तकांच्या फळीची आडनळी बसते. मेज आणि मांडणी ह्यांचा एकच देह होतो. पहिल्या दिवशी केलेली खरेदी अशी दहाबारा वर्षे कामी येते. आणि बदली झाली तर सगळे मेज एका किल्लीने सुटे होऊन फळी, नळ्यांचा जुडगा व सांध्यांची पिशवी एवढेच उरते. नळीचा सर्वांत जड तुकडा जेमतेम अडीच किलोचा असतो. फळीच काय ती सुमारे आठ किलो भरते. कोणताही जिना ह्यांना अडवीत नाही.

काटकसर कोठे करावी व कोठे करू नये, हेही ह्यावरून ठरते. फळी जुनी चालेल, मागचा पत्रा पेटीच्या प्लायवुडचा चालेल. नळीसुद्धा जुनी चालेल: घरांतील लोखंडी नळ काढून प्लास्टिकचे बसवण्याची रीत पडल्यापासून जुन्या बाजारात चांगली जी. आय. पाइप मिळते. ती घेताना टोकातून आत पाहावे, गंजाचे पापुद्रे दिसल्यास सोडून द्यावी, आणि जुन्या आट्यांचा भाग कापून टाकावा. पैसा वाचवू नये तो सांध्यावर. ज्या सांध्यात नळी हाताने हलवता येण्याइतकी सैल बसते, त्याचा स्क्रू कितीही आवळला तरी मेज स्थिर होत नाही. आणि अस्थिर मेजाकडे मूल दोन दिवसांत पाठ फिरवते, मग त्याची किंमत कितीही कमी असो.

ज्याला घर बदलावयाचे नाही, मेज एकाच भिंतीशी कायम राहणार आहे आणि ओळखीचा कारागीर आहे, त्याने साध्या काळ्या नळीचे मेज वेल्डिंगने करून घेऊन रंगवावे. ते स्वस्तही पडेल. परंतु ज्या कुटुंबाचे बिर्‍हाड हलते, ज्यांची मुले वाढत आहेत आणि ज्यांच्या खोल्या लहान आहेत, त्यांना बळकटपणाइतकीच बदलण्याची सोय हवी असते. दोन्ही गोष्टी एकाच वस्तूत मिळणे शक्य आहे, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान फार नाही: नळी योग्य जाडीची, चौकोनाला तिरपा होऊ न देणारी मांडणी, आणि घट्ट बसणारा पण उघडणारा सांधा. घरातील बारातेरा वर्षांच्या मुलामुलीला हाताशी घेऊन रविवारच्या एका दिवसात हे काम पुरे होते. कर्ण सारखे का भरले पाहिजेत हे त्या मुलाने एकदा स्वतः मोजून पाहिले, की भूमितीच्या पुस्तकातील ती आकृती त्याला पुन्हा समजावून द्यावी लागत नाही; आणि पुढे कधी मेज डुगडुगले तर किल्ली कोठे लावावी, हेही त्यालाच ठाऊक असते.